‘सहा महिन्यांनी परत या’: काचबिंदूचा संशय असताना काय करावे, कसे राहावे

चाळिशीचा चष्मा करायला गेलेला माणूस काचबिंदूचा संशय घेऊन घरी येतो, असे आपल्याकडे पुष्कळदा घडते. काचबिंदू म्हणजे दृष्टीची नस हळूहळू झिजून नजर जाणारा आजार. पण इथे डोळा दुखत नाही, लाल नाही. वर्तमानपत्र नीट वाचता येते, कदंब बसची पाटी लांबून दिसते. डॉक्टर मात्र फाइलवर काहीतरी लिहितात आणि सांगतात, ‘‘काचबिंदू आहे असं आज म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही. सहा महिन्यांनी परत या, बघत राहू.’’ तिथून जीव टांगणीला लागतो.

हा लेख त्यांच्यासाठी. माझ्या आईला काचबिंदू होता आणि मी स्वतः बरीच वर्षे अशाच देखरेखीखाली आहे. गोव्यात डिचोलीहून कधी म्हापशाला, कधी बांबोळीला तपासणीला जाते. ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेली नवखी माणसे फाइल उघडून विचारतात, ‘‘ताई, हे लाल काय आलंय हो?’’ त्या प्रश्नांची उत्तरे एका जागी असावीत म्हणून लिहीत आहे. औषध द्यायचे की नाही, हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. दोन तारखांच्या मधले दिवस कसे काढायचे, त्याबद्दल मात्र मला बोलता येईल.

माझे म्हणणे एवढेच आहे की या आजारात वेळ ही सुद्धा एक तपासणी आहे. डॉक्टर काही लपवत नसतात आणि टाळतही नसतात. एका दिवसाच्या आकड्यांवरून जे ठरत नाही, ते वर्ष-दोन वर्षांच्या आकड्यांवरून ठरते. तुम्ही प्रत्येक तारखेला गेलात, तर उत्तर दर वेळी थोडे थोडे पक्के होत जाते.

आधी हे वाचा: कोणत्या वेळी थांबायचे नाही

डोळा अचानक लाल होऊन ठणकू लागला, दिसणे धूसर झाले, दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली, सोबत डोकेदुखी, मळमळ किंवा उलटी असली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. रात्र असली तरी इस्पितळ गाठा. डोळ्याच्या आतले पाणी बाहेर पडायची वाट एकाएकी बंद झाली की असे होते आणि थोड्या तासांत नजरेचे कायमचे नुकसान होऊ शकते. उलटी आणि डोकेदुखी बघून घरचे लोक पित्त समजतात व लिंबूपाणी देत बसतात. म्हणून हे तुमच्या एकट्याला माहीत असून भागत नाही, घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

डोळ्याला मार लागला, किंवा एका डोळ्यापुढे अचानक पडदा आल्यासारखे झाले, तरी तेच.

पहिली पायरी: संशय कशावरून आला ते विचारा

‘काचबिंदूचा संशय’ हे एक नाव, पण त्याखाली चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. तुमची कोणती, हे कळल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. थेट विचारा: ‘‘डॉक्टर, माझ्यात संशय कशामुळे? प्रेशर, नस, वाट की घराणं?’’ बाहेर रांग असली तरी एवढ्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

प्रेशर म्हणजे डोळ्याच्या आतला दाब. साधारणपणे तो १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान असतो. हा ब्लडप्रेशर नव्हे. बीपीची गोळी सुरू असली म्हणून डोळ्याचा दाब ताब्यात राहतो असे नाही. २१ च्या वर दाब असलेल्या पुष्कळांना काचबिंदू कधीच होत नाही आणि २१ च्या आत दाब असूनही काहींना होतो. शिवाय हा आकडा दिवसभरात खाली-वर होत असतो, निरोगी डोळ्यातही तीन-चार अंकांचा फरक पडतो. म्हणून एका वाचनाने हादरून जाऊ नका आणि एका चांगल्या वाचनाने निर्धास्तही होऊ नका. दाब मोजायच्या दोन पद्धती तुम्हाला भेटतील. चष्म्याच्या दुकानात किंवा शिबिरात हवेची फुंकर मारून मोजतात. इस्पितळात डोळा बधिर करणारे थेंब आणि पिवळा रंग घालून, निळ्या उजेडात, डोळ्याला हलकेच टेकवून मोजतात. दुसरी पद्धत जास्त भरवशाची. फुंकरीच्या यंत्रावर २४ आले तर आधी दुसऱ्या पद्धतीने मोजून घ्या, काळजी त्यानंतर.

याच संदर्भात बुबुळाच्या काचेची जाडी मोजली आहे का, तेही विचारा. सरासरी जाडी साधारण ५४० ते ५५० मायक्रॉन असते. काच जाड असेल तर दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, पातळ असेल तर कमी दिसतो. तपासणी दुखत नाही, मिनिटात होते आणि सहसा एकदाच करावी लागते. तो आकडा फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.

नस म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस. तिच्या तोंडाशी मधोमध एक खळगा असतो. तो मोठा दिसला, किंवा दोन डोळ्यांतल्या खळग्यांत बराच फरक दिसला, की संशय घेतला जातो. फाइलवर ०.६, ०.७ असे जे लिहिलेले असते ते याचेच माप. काहींची नस जन्मतःच मोठी असते आणि तिचा खळगाही मोठा असतो. त्यात आजार काहीच नसतो. ही जन्माची ठेवण आहे की हळूहळू झालेली झीज, हे एका भेटीत सांगणे अवघड असते. नसेचा फोटो काढून ठेवतात आणि वर्षाने पुन्हा काढून शेजारी धरतात, ते यासाठी.

वाट म्हणजे डोळ्यातले पाणी वाहून जायची जागा, न्हाणीतल्या मोरीसारखी. ती उघडी आहे की अरुंद, हे डोळ्यावर एक छोटे भिंग टेकवून बघतात. ही तपासणी झाली नसेल तर आवर्जून मागा. वाट अरुंद असेल तर सर्दीच्या आणि ऍलर्जीच्या काही गोळ्या, प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घेतात त्या, लघवीच्या काही गोळ्या, यांनी ती अचानक बंद पडू शकते. बाहुली मोठी करणारे थेंब घालतानाही डॉक्टरांना हे माहीत असावे लागते. अशांना कधी कधी लेझरने बुबुळाच्या पडद्यात बारीक छिद्र करून देतात. अरुंद वाट असलेल्या प्रत्येकाला ते लागतेच असे नाही.

घराणे म्हणजे आई, वडील, सख्खा भाऊ, सख्खी बहीण. यांच्यापैकी कुणाला काचबिंदू असेल तर तुमचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त. चाळिशीपुढचे वय, मोठा मायनस नंबर, मधुमेह, पूर्वी डोळ्याला झालेली इजा, हेही सांगण्यासारखे. आजोबांची नजर ‘म्हातारपणाने’ गेली असे घरात बोलले जात असेल, तर तेही सांगा. आपल्या मागच्या पिढीत किती जणांचा काचबिंदू मोतिबिंदूच्या नावावर गेला, याचा हिशेब कुणाकडेच नाही.

दुसरी पायरी: फाइल

ही फाइल म्हणजे तुमच्या डोळ्यांचा इतिहास आहे आणि तो सांभाळायची जबाबदारी तुमची. इस्पितळात नोंद असते, पण डॉक्टर बदलतात, आपण गाव बदलतो, मुलाकडे पुण्याला जाऊन राहतो.

पहिल्या वर्षात या गोष्टी त्यात आल्या पाहिजेत: दोन-तीन वेगवेगळ्या भेटींतला दाब (मोजल्याची वेळही लिहा, सकाळी दहा की दुपारी चार), काचेची जाडी, वाटेची तपासणी, नसेचा फोटो, ओसीटीचे (नसेच्या धाग्यांची जाडी मोजणाऱ्या यंत्राचे) पान आणि फील्ड टेस्टची (आजूबाजूच्या नजरेच्या तपासणीची) पाने. यापुढची प्रत्येक तपासणी याच पानांशी ताडून पाहिली जाणार असते. ही पाने हरवली तर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदाची काय गत होते ते सांगायला नको. जुलैमध्ये कपाट उघडले की बुरशीचा वास येतो, पाने एकमेकांना चिकटतात, आणि काही यंत्रांचे गुळगुळीत कागद तर आपोआप फिके पडतात. प्रत्येक पान प्लास्टिकच्या पाकिटात घाला. त्याच दिवशी मोबाइलवर सरळ, उजेडात फोटो काढा, आणि तो घरातल्या आणखी एका माणसाच्या फोनमध्येही असू द्या.

ओसीटीच्या पानावर हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात. लाल बघून लोकांचा धीर सुटतो, म्हणून याबद्दल जरा थांबून बोलते. यंत्र तुमच्या नसेच्या धाग्यांची जाडी मोजते आणि आपल्याजवळ असलेल्या निरोगी माणसांच्या मापांशी ताडते. तुमचे माप त्या मापांत बसले नाही की लाल येते. मोठा मायनस नंबर असलेल्यांचे डोळे लांबट असतात, त्यांच्या धाग्यांची मांडणीच वेगळी असते, त्यामुळे काही आजार नसताना त्यांच्या पानावर लाल उमटू शकते. डोळा कोरडा असला, मोतिबिंदू असला, तुम्ही मध्येच हललात, तरी मोजणी बिघडते. उलट, हिरव्या पानावरही डॉक्टरांना काही खटकू शकते. एका पानाचा रंग बघून निष्कर्ष काढू नका. आधीच्या पानापेक्षा आज फरक आहे का, हाच प्रश्न विचारायचा. शक्यतो दर वेळी त्याच यंत्रावर तपासणी करा. दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही. दहा मिनिटे जवळ पडते म्हणून केंद्र बदलू नका, असे मी सगळ्यांना सांगते.

तिसरी पायरी: फील्ड टेस्टला बसणे

सगळ्यात जास्त घाबरवणारी तपासणी हीच, आणि घाबरायचे कारण सगळ्यात कमी इथेच.

अंधारी खोली, एसीचा गारवा. पांढऱ्या अर्धगोल भांड्यासारख्या यंत्रापुढे बसवतात. हनुवटी टेकायची, कपाळ पट्टीला लावायचे. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यापुढे भिंग, हातात एक बटण. समोर मधोमध पिवळा ठिपका. त्याच्याकडेच बघत राहायचे आणि आजूबाजूला कुठेही उजेडाचा ठिपका लुकलुकला की बटण दाबायचे. टेक्निशियन मुलगी मागून सांगत असते, ‘‘काका, फकत मदीं पळयात’’ (फक्त मध्ये बघा). एका डोळ्याला साधारण चार ते आठ मिनिटे लागतात.

मिनिटभरात वाटू लागते की आपल्याला काही दिसतच नाही. बराच वेळ ठिपका येत नाही, मग एक येतो तो इतका अंधुक की खरा होता की भास, कळत नाही. पोटात गोळा येतो. यंत्र मुद्दामच असे वागते, हे आधी कुणी सांगत नाही. तुम्हाला किती अंधुक उजेड दिसतो त्याची शेवटची हद्द त्याला शोधायची असते, म्हणून ते उजेड कमी करत जाते, तुम्हाला दिसेनासा होईपर्यंत. निरोगी डोळ्याच्या माणसालाही बरेचसे ठिपके दिसत नाहीत. ही नापास व्हायची परीक्षा नव्हे.

काही गोष्टी मात्र आपल्या हातात असतात. मान अवघडेल असे बसू नका. खुर्ची वर-खाली करायला सांगा, त्यात भीड नको. पापण्या मिटायला मनाई नाही. बटण दाबता दाबता डोळे मिचकवा म्हणजे मधला ठिपका चुकत नाही. वरची पापणी सैल असेल तर ती उचलून चिकटपट्टी लावतात, नाहीतर वरच्या भागात उगाच काळे उमटते. दम लागला तर पुष्कळ यंत्रांत बटण दाबून धरले की तपासणी थांबते. आधी विचारून घ्या. खात्री नसताना अंदाजाने बटण दाबू नका. यंत्र मधूनमधून तुमची परीक्षा घेते: कधी ठिपकाच दाखवत नाही, कधी जिथे कुणालाच दिसत नाही अशा जागी दाखवते. तिथे बटण दाबले की पानाच्या वरच्या कोपऱ्यात तुमच्या नावे चुका पडतात आणि अख्खे पान बिनभरवशाचे ठरते.

पहिली फील्ड टेस्ट खराब येणे अगदी सर्रास आहे. हाताला सवय नसते, डोळा भिरभिरतो. म्हणून डॉक्टर ती पुन्हा करायला सांगतात आणि दुसरी-तिसरी पुष्कळदा सुधारलेली येते. पहिल्या पानावरचा काळा डाग बघून घरी निवृत्तीचे बोलणे सुरू करू नका. आदल्या रात्री नीट झोपा, सकाळी खाऊन जा, आणि बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याआधी ही तपासणी होईल असे बघा.

चौथी पायरी: जायचे कुठे, परतायचे कसे

गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेत्रविभाग आहे. उत्तरेला म्हापशाचे आणि दक्षिणेला मडगावचे जिल्हा इस्पितळ. खाजगी नेत्रचिकित्सक पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा इथे आहेत. सरकारी ठिकाणी खर्च कमी आणि रांग मोठी, खाजगीत उलटे. दोन्ही चालते, धरसोड चालत नाही. काही जण यंत्राच्या तपासण्या एकीकडे आणि सल्ला दुसरीकडे असे करतात. फाइल एकच ठेवली तर तेही चालते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे किंवा दुसऱ्या विम्याचे कार्ड असेल, तर बाह्यरुग्ण तपासण्या त्यात बसतात का हे काउंटरवर आधी विचारा. बसतात असे धरून चालू नका.

बाहुली मोठी करणारे थेंब घातले की चार-सहा तास जवळचे धूसर आणि उन्हाचा त्रास. त्या दिवशी स्वतःची स्कूटर नेऊ नका. बांबोळीच्या चढाउतारावर, समोरून येणाऱ्या ट्रकच्या काचेवर ऊन चमकत असताना, अशा डोळ्यांनी गाडी चालवणे म्हणजे जिवाशी खेळ. सोबत कुणाला न्या, किंवा बसने जा आणि स्टँडवरून पायलट (भाड्याची मोटरसायकल) करा. काळा चष्मा आणि टोपी पिशवीत असू दे. कुणी सोबत असले की आणखी एक फायदा होतो: डॉक्टर काय बोलले ते दोघांनी ऐकलेले असते. आपण एकटे असलो तर ‘संशय’ हा शब्द कानावर पडतो आणि पुढची पाच वाक्ये हवेत जातात.

पाचवी पायरी: फार्मसीतून आणलेले थेंब

पावसाच्या तोंडावर डोळे येतात, उन्हाळ्यात खाज सुटते, आणि आपण कोपऱ्यावरच्या फार्मसीतून ‘मागच्या वेळचेच’ थेंब आणतो. त्यांपैकी कित्येकांत स्टेरॉइड असते. डोळा चटकन पांढरा होतो म्हणून ते लोकांना आवडते. काही माणसांत हेच स्टेरॉइड आठवड्यांत डोळ्याचा दाब वाढवते, आणि महिनोन्‌महिने घातले तर खराखुरा काचबिंदू देऊन जाते. ज्यांच्यावर आधीच संशय आहे त्यांनी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय एकही थेंब डोळ्यात घालू नये. याबाबतीत मी फार हट्टी आहे आणि तुम्हीही व्हा.

स्टेरॉइड फक्त थेंबांत नसते. दम्याचा पंप, नाकातला फवारा, चेहऱ्याला लावायचे मलम, गुडघ्यातले इंजेक्शन, सांधेदुखीवर कुणीतरी दिलेली बिननावाची पुडी, हे सगळे डॉक्टरांना सांगा. पंप स्वतःहून बंद मात्र करू नका, श्वास आधी. डॉक्टरांपुढे ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. पुडीचे सांगायची लाज वाटते म्हणून लोक गप्प बसतात आणि दाब का वाढला याचा शोध वर्षभर चालतो.

रोजचे जगणे

इथे थोडक्यात. मोबाइल बघून, रात्री वाचून, शिवणकाम करून काचबिंदू होत नाही. डोळे थकतात, तो वेगळा त्रास. रोजचे चालणे चांगले, त्याने दाब थोडा उतरतो. शीर्षासन आणि सर्वांगासन सोडा. डोके खाली गेले की दाब झपाट्याने वाढतो, शीर्षासनात जवळजवळ दुप्पट होतो. योगवर्गातल्या गुरुजींना स्पष्ट सांगा, ते दुसरे आसन देतील. सकाळी उठून तांब्याभर पाणी एका दमात पिण्याची सवय असेल तर तेच पाणी अर्ध्या तासात घोट घोट प्या. पोहताना घट्ट बसणारा चष्मा आणि फुंकून वाजवायची पितळी वाद्ये यांनीही दाब वाढतो. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे आपल्याकडे कमी नाहीत, त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावे. गाजर, बदाम, मध, काजळ, डोळ्यात घालायचे कसलेकसले अर्क: खायचे ते खुशाल खा, डोळ्यात घालायचे नाही.

सहावी पायरी: मनाचे काय करायचे

खरा त्रास इथे आहे. आजार नाही म्हणून कुणी आजारी समजत नाही, आणि ठीक आहे असे स्वतःला म्हणवत नाही. शेजारीपाजारी काचबिंदू आणि मोतिबिंदू यांत गोंधळ करतात आणि ‘‘ऑपरेशन करून टाक, माझ्या सासूबाईंचं पाच मिनिटांत झालं’’ असा सल्ला देतात. आपण समजावत बसलो की आपलीच भीती पुन्हा उकरली जाते.

आधी आकडे बघू, कारण भीतीला आकडे ठाऊक नसतात. अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडी नावाचा. दाब २४ ते ३२ च्या दरम्यान, पण नस आणि फील्ड ठीक, अशा सोळाशेहून अधिक लोकांना निवडले. अर्ध्यांना थेंब दिले, अर्ध्यांवर नुसती नजर ठेवली. २००२ साली पाच वर्षांचा निकाल आला: थेंब न घेतलेल्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, घेतलेल्यांपैकी ४.४ टक्के. म्हणजे दाब चांगलाच वाढलेला असून, औषध न घेता, पाच वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक काचबिंदूपासून दूर राहिले. त्याच लोकांचा वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. तोवर जवळजवळ निम्म्यांना निदान एका डोळ्यात काचबिंदूची लक्षणे दिसली होती, आणि साधारण चौघांपैकी एकाच्या फील्डमध्ये उणीव आली होती. मी दोन्ही आकडे एकत्र सांगते. पहिल्यामुळे आज रात्री झोप लागावी, दुसऱ्यामुळे सातव्या-आठव्या वर्षी ‘‘काही होत नाही, सोडा’’ म्हणून जाणे बंद होऊ नये.

आता मनाच्या काही सवयी. दर सकाळी एक डोळा झाकून कॅलेंडरवरची तारीख वाचून बघायची, हे आपण सगळे करतो. ते बंद करा. काचबिंदूची सुरुवात बहुधा कडेच्या नजरेत होते आणि मेंदू रिकाम्या जागा भरून काढतो, त्यामुळे या घरगुती परीक्षेत खरा आजार सापडत नाही. सापडते ती फक्त धाकधूक. हे काम यंत्राकडे सोपवलेले आहे.

एक लहान वही करा. मनात शंकेची पाल चुकचुकली की तारीख घालून एका ओळीत लिहा आणि वही मिटा. ‘उजव्या डोळ्यात टोचते.’ ‘नातवाच्या पंपात स्टेरॉइड असते, मग माझ्याही पंपात असेल का?’ तपासणीच्या आदल्या संध्याकाळी वही उघडा. निम्म्या ओळी तोवर निकालात निघालेल्या असतात. उरलेल्यांतले तीन प्रश्न कागदावर उतरवून डॉक्टरांपुढे ठेवा. एक प्रश्न प्रत्येक वेळी त्यात असावा: ‘‘काय दिसलं तर तुम्ही औषध सुरू कराल?’’ याचे उत्तर मिळाले की टांगणीची लांबी कळते. माझ्या बाबतीत या एका प्रश्नाने जितका धीर दिला तितका कुठल्याच दिलाशाने दिला नाही.

तपासणीच्या आधीचा आठवडा वाईट जातो, तो जाणारच. त्या दिवसांत रात्री फोनवर शोधाशोध करू नका. घरच्यांना सरळ सांगा की या आठवड्यात मी जरा चिडचिडी असेन. भजनाला जा, बाजारहाट करा, चवथ (गणेशचतुर्थी) जवळ असेल तर गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाची यादी काढा. झोप उडाली, जेवण जाईना, दिवसभर तोच विचार डोक्यात घोळत राहिला, तर फॅमिली डॉक्टरांशी त्याबद्दलही बोला. चिंतेवरही उपचार असतात. फक्त त्यांना काचबिंदूचा संशय आहे हे सांगा, कारण वाट अरुंद असेल तर काही गोळ्या चालत नाहीत.

आपल्याकडे अडचण आली की देवळात कौल लावतात. कुणी तुमच्यासाठी कौल लावला, उजवी पाकळी पडली, मन हलके झाले, तर ते मोलाचेच आहे. मी स्वतः देवळात जाऊन बसते. फक्त कौल उजवा झाला म्हणून तपासणीची तारीख पुढे ढकलायची नाही. देवाने उजवा दिला आहे, तर रिपोर्टही बघून येऊ, असे म्हणून निघायचे.

औषध सुरू झाले तर

कुणाचे कधीच होत नाही, कुणाचे वर्षाने होते. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले म्हणजे नजर जायला लागली असा अर्थ नव्हे. नजर जाऊ नये म्हणून दाब खाली आणायचा, एवढाच. जे गेले ते थेंबांनी परत येत नाही, म्हणून वेळेत सुरू झालेले बरे. काहींना थेंबांऐवजी लेझरचा पर्यायही असतो, त्याबद्दल विचारा. दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर थेंब लिहून देण्याआधीच सांगा, कारण टिमोलॉलसारखे थेंब अशांना चालत नाहीत. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरा. औषध डोळ्यात राहते, अंगात कमी उतरते. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. काही थेंब उघडेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवावे लागतात, आणि आपल्या मे महिन्यात बाटली गाडीच्या कप्प्यात राहिली तर औषध वाया जाते.

तारीख चुकली तर

चुकते. लग्न येते, घरात कुणी आजारी पडते, मुसळधार पावसात निघवत नाही. मग लाज वाटते, डॉक्टर रागावतील असे वाटते आणि एक चुकलेली तारीख दोन वर्षांची होते. देखरेखीखालच्या माणसाचे खरे नुकसान इथे होते. पुढच्याच कामाच्या दिवशी चौकशी करून नवीन तारीख घ्या आणि फाइल घेऊन जा. डॉक्टरांनी असे शंभर जण पाहिलेले असतात.

त्याच खेपेला सख्ख्या भावा-बहिणींनाही फोन करा. चाळिशी उलटली असेल तर दाब, नस आणि वाट एकदा बघून घ्यायला सांगा. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे, हेही सांगा. ‘‘मला काही होत नाही’’ असे म्हणतील. तुम्हालाही काही होत नव्हते, हे त्यांना आठवण करून द्या आणि तुमच्या पुढच्या तारखेला त्यांना सोबत घेऊन जा.